इंग्लंडात जमिनीला मालक नसतो

सफोक परगण्यात हेमिंगस्टोन नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात तिथली ३० एकर जमीन रोलँड नावाच्या माणसाकडे होती. तिच्या मोबदल्यात त्याने काय द्यायचं? नाताळच्या दिवशी दुसऱ्या हेन्री राजासमोर एक उडी मारायची, एक शीळ घालायची आणि एकदा पादायचं. ही दंतकथा नव्हे. राजाच्या कारकुनांनी लॅटिनमध्ये, अगदी गंभीरपणे केलेली दप्तरी नोंद आहे. केंटमधल्या सॉलोमन नावाच्या गृहस्थाकडे जमीन होती ती या अटीवर, की राजा समुद्र ओलांडून फ्रान्सकडे निघाला की जहाजात त्याचं डोकं धरून बसायचं. राजाला बोट लागत असणार, दुसरं काय!

हसू ओसरलं की यातली खरी गंमत दिसते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि कायद्याने सगळी जमीन एकट्या राजाची झाली. त्याने ती सरदारांना दिली, पण सेवेच्या बोलीवर. सरदारांनी तशाच बोलीवर खालच्यांना दिली, त्यांनी आणखी खालच्यांना. कुणी लढाईला स्वार पुरवायचे, मठांनी प्रार्थना करायच्या, रोलँडने उडी मारायची. या साखळीत राजाखाली मालक शोधायला जावं तर तो सापडतच नाही. कसणारा मालक नाही, त्याचा धनी नाही, धन्याचा धनीही नाही. प्रत्येकाने जमीन दुसऱ्या कुणाकडून तरी धरलेली. १०८६ मध्ये विल्यमने देशभर जी प्रचंड मोजदाद करवली, त्या डूम्सडे बुकात हेच पानोपानी दिसतं.

धन्याची खरी कमाई मात्र सेवेत नव्हती, मरणात होती. कूळ मेलं की वारसाने नजराणा भरायचा आणि मगच जमिनीवर पाय ठेवायचा. हे नजराणे राजाने इतके फुगवले की १२१५च्या मॅग्ना कार्टात सरदारांनी आकडाच घालून घेतला: पूर्ण सरदारकीला १०० पौंड, नाइटच्या जमिनीला फार तर १०० शिलिंग. वारस अज्ञान असेल तर धन्याची चांदीच. नाइटच्या जमिनीचा मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत ती धन्याच्या ताब्यात, उत्पन्न त्याच्या खिशात आणि पोराचं लग्न ठरवायचा हक्कही त्याचाच. हा हक्क तो चक्क तिऱ्हाइताला विकू शकत असे. वारसच नसला तर जमीन परत धन्याकडे. चर्चला दिलेली जमीन धन्याला का सलायची, ते यावरून कळतं. मठ मरत नाही, अज्ञान नसतो, लग्नही करत नाही. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने अशा दानांवर बंदीच आणली.

बरं, अशी जमीन दुसऱ्याला द्यायची कशी? कागद करून भागत नसे. दोघांनी त्या जमिनीवर जाऊन उभं राहायचं. जिचा त्या जमिनीवर हक्क निघू शकेल अशा प्रत्येक व्यक्तीला हद्दीबाहेर काढायचं. मग देणाऱ्याने तिथलंच मातीचं ढेकूळ किंवा झाडाची डहाळी उचलायची आणि ‘हा ताबा तुला देतो’ असं साक्षीदारांदेखत म्हणत घेणाऱ्याच्या हातात ठेवायची. सनद कितीही सुंदर लिहिलेली असो, हे झालं नसेल तर ती नुसतं चर्मपत्र. डरहॅम कॅथीड्रलच्या दप्तरात एक मोडक्या पात्याची सुरी जपून ठेवली आहे. बाराव्या शतकात स्टीफन ऑफ बुल्मर याने दान दिलं त्याची ती खूण. तिच्या मुठीला चर्मपत्राची चिठ्ठी बांधलेली आहे. आपल्याला सुरी हा कागदाचा पुरावा वाटतो. त्या माणसांना बहुधा उलट वाटत असावं.

पण साक्षीदार मरतात, ढेकळं विरघळतात. म्हणून वकिलांनी एक नामी युक्ती काढली: खोटं भांडण. घेणाऱ्याने देणाऱ्यावर राजाच्या न्यायालयात दावा लावायचा, मग दोघांनी ‘तडजोड’ करायची. १५ जुलै ११९५ पासून ही तडजोड एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहू लागले, दोन प्रती वर शेजारी शेजारी आणि तिसरी खाली आडवी. मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहायचा आणि त्या शब्दावरूनच नागमोडी कापून तीन तुकडे करायचे. दोन तुकडे दोन पक्षांना, तळचा राजाच्या खजिन्यात. पुढे कुणी बनावट कागद पुढे केला, तर कडा जुळत नाहीत आणि चोरी तिथेच उघडी पडते! ही तिसरी प्रत सुरू करणारा ह्यूबर्ट वॉल्टर हा आर्चबिशप आणि राजाचा मुख्य न्यायाधिकारी. पहिल्या तडजोडीतला एक पक्ष त्याचा सख्खा भाऊ थिओबाल्ड. हे खोटे दावे १८३३चा कायदा होईपर्यंत चालू होते आणि तळचे तुकडे आजही लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करतो तो १२९०चा ‘क्विया एम्प्तोरेस’ हा कायदा. तोवर लोक जमीन विकताना खरेदीदाराला आपलं कूळ करून घेत, म्हणजे साखळीत नवी कडी घालत. समजा, सरदाराने रग्गड रोकड घेऊन जमीन दिली आणि वार्षिक सेवा ठरवली एक गुलाबाचं फूल. पुढे सरदार मेला, वारस अज्ञान. पालक म्हणून राजाच्या हाती काय येणार? वर्षाला एक गुलाब. एडवर्डने हा खेळ एका फटक्यात थांबवला. यापुढे खरेदीदार थेट विकणाऱ्याच्या जागी बसेल, धनी तोच राहील. त्या बदल्यात विकणाऱ्याला धन्याची परवानगी नको. केलं ते धन्यांच्या फायद्यासाठी, पण त्यातून जमिनीची खुली खरेदी-विक्री जन्माला आली. मधल्या कड्या नव्याने घालता येईनात, जुन्या निपुत्रिक मरणांनी गळत गेल्या आणि शतकानुशतकं साखळी आखडत राजापाशी पोचली. कायदा इंग्लंडात अजून लागू आहे. लंडनमध्ये घर घेणारा आजही, तत्त्वतः, ते राजाकडूनच धरतो.

नवी कडी घालायची मुभा उरली एकट्या राजाला, आणि तिचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुकने पोर्तुगिजांकडून बेटाचा ताबा घेतला तेव्हा त्याने हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवर चालून भिंतींना हात लावला, असं दस्त सांगतो. तीन वर्षांनी, १६६८ मध्ये, दुसऱ्या चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. सनदेतली अट अशी की कंपनीने हे बेट केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिच या राजाच्या मॅनरचा, म्हणजे जहागिरीचा, भाग असल्यासारखं धरावं आणि दरसाल ३० सप्टेंबरला १० पौंड सोन्यात भरावेत. स्वार नकोत, पालकत्व नको, सगळ्यांत हलका प्रकार. कारकुनांनी १६०६ मध्ये व्हर्जिनियासाठी वापरलेला साचाच पुन्हा काढला होता.

१६७० मध्ये त्याच मॅनरच्या नावे हडसनच्या उपसागराभोवतीचं अफाट रान दुसऱ्या एका कंपनीला मिळालं. म्हणजे कागदोपत्री माहीम आणि कॅनडाचं बर्फ एकाच वाडीतले शेजारी. तिकडचा खंड मात्र रोख नव्हता. राजा किंवा त्याचा वारस त्या मुलखात येईल तेव्हा दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर द्यायचे. १९३९ मध्ये सहावा जॉर्ज विनिपेगला पोचला, तेव्हा कंपनीने दोन एल्कची मुंडकी आणि बीव्हरची दोन कातडी त्याच्या पुढे ठेवली.