'द क्रो'ची गीते : एका चित्रकथेचे श्राव्य भाष्य

निरनिराळ्या रॉक बँडची गाणी एकत्र करून चित्रपटासाठी काढलेली ध्वनिमुद्रिका साहित्याभ्यासकाच्या कक्षेत सहसा येत नाही. ती विक्रीची सोय मानली जाते आणि पुष्कळदा ती तशी असतेही. १९९५ सालच्या 'बॅटमॅन फॉरेव्हर' या चित्रपटाच्या संकलनातील बरीच गाणी चित्रपटात ऐकूच येत नाहीत. तथापि अशा संकलनाचे मूळ संहितेशी काही अर्थपूर्ण नाते असू शकते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. १९९४ साली प्रकाशित झालेले 'द क्रो' या चित्रपटाचे चौदा गाण्यांचे संकलन त्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

या चित्रपटाला आधारभूत असलेली चित्रकथा जेम्स ओबार यांची. मद्यधुंद वाहनचालकामुळे त्यांच्या वाग्दत्त वधूचा मृत्यू झाला. त्या दुःखाला वाट करून देण्यासाठी अमेरिकी मरीन दलात असताना, १९८१च्या सुमारास, त्यांनी ही कथा रेखाटावयास घेतली. ती प्रसिद्ध झाली १९८९मध्ये. प्रेयसीसह मारला गेलेला एरिक मृत्यूनंतर परत येतो आणि मारेकऱ्यांचा सूड घेतो, एवढेच तिचे कथानक. पण या मूक पानांत संगीत आधीपासूनच वसलेले होते. कथेतील हूक व आल्ब्रेख्ट या पोलिसांची नावे 'जॉय डिव्हिजन' या इंग्लिश बँडमधील वादकांवरून घेतलेली आहेत. या बँडचा गायक इयन कर्टिस याने १९८०मध्ये आत्महत्या केली होती. 'द क्युअर' या बँडच्या 'द हँगिंग गार्डन' या गीताचे शब्दही चित्रकथेत छापलेले आहेत. वाचकाने जे मनात ऐकावे असे चित्रकाराला वाटत होते, ते त्याने अक्षरांतून सुचविले होते.

अॅलेक्स प्रोयास यांच्या चित्रपटाने एरिकला रॉक वादक केले. त्यामुळे जे संगीत कथेच्या समासात होते ते तिच्या केंद्रस्थानी आले. पार्श्वसंगीत ग्रॅम रेव्हेल यांनी स्वतंत्रपणे रचले. गाण्यांच्या निवडीत मात्र चित्रकथेच्या वाचनाची खूण स्पष्ट दिसते. 'द क्युअर'ने आपले जुने गीत न देता 'बर्न' हे नवे गीत रचले. एरिक आपला चेहरा रंगवून सूडाला सिद्ध होतो त्या प्रसंगी ते येते. 'जॉय डिव्हिजन'चे 'डेड सोल्स' हे १९८०मधील गीत 'नाइन इंच नेल्स'ने आपल्या ढंगाने पुन्हा गायिले आणि कावळ्यामागोमाग छपरांवरून धावणाऱ्या एरिकला त्याची साथ मिळाली. चित्रकथेतील उल्लेख येथे प्रत्यक्ष ध्वनी होतो. पण तो दुसऱ्या पिढीच्या कंठातून. मूळ गायक हयात नसताना त्याचे गीत दुसऱ्याने गाणे हे मृताच्या पुनरागमनाच्या कथेशी किती सुसंगत आहे, हे वेगळे सांगावयास नको.

'घोस्ट रायडर' या गीताचा प्रवास याहूनही मार्मिक आहे. मार्व्हलच्या चित्रकथेतील नायकावरून 'सुइसाइड' या न्यूयॉर्कच्या जोडीने ते रचले व १९७७मध्ये ध्वनिमुद्रित केले. 'रोलिन्स बँड'ने त्याचे पुनर्गायन केले ते 'द क्रो'साठी. म्हणजे एका चित्रकथेतून निघालेले गीत दुसऱ्या चित्रकथेच्या चित्रपटात येऊन विसावले. प्रभावाची दिशा साहित्याकडून संगीताकडे एकेरी असते, या समजुतीला येथे छेद मिळतो.

या संकलनावर एका खऱ्या मृत्यूचीही छाया आहे. ३१ मार्च १९९३ रोजी, उत्तर कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे चित्रीकरण चालू असताना, नायकाची भूमिका करणारे ब्रँडन ली बंदुकीच्या अपघातात मरण पावले. 'स्टोन टेंपल पायलट्स'ने या चित्रपटासाठी आधी 'ओन्ली डाइंग' हे गीत योजले होते. या घटनेनंतर ते बाजूला ठेवून 'बिग एम्प्टी' देण्यात आले. कथेतला मृत्यू गाता येतो. पडद्यावर दिसणारा माणूसच गेल्यावर तेच शब्द निर्दय वाटू लागतात. संदर्भ बदलला की अर्थ बदलतो, हे तत्त्व येथे केवळ सिद्धान्त राहिले नाही. त्याने एक गीत काढून दुसरे आणले.

संकलनातील सर्वच गीतांना असा धागा लावता येणार नाही. काहींची निवड केवळ वातावरणासाठी झालेली दिसते. हे संकलन अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, हेही विसरून चालणार नाही. पण बाजार आणि भाष्य ही नेहमीच परस्परविरोधी नसतात. अखेरचे गीत याचा पुरावा ठरावे. 'इट कान्ट रेन ऑल द टाइम' ही चित्रपटात मृत एरिकच्या गीतातील एक ओळ आहे. सारा ही लहान मुलगी ती जपून ठेवते. त्याच ओळीचे संपूर्ण गीत होऊन ते चित्रपटाच्या अंती जेन सिबेरी यांच्या स्वरात ऐकू येते. चित्रकथेच्या पानांत केवळ सुचविलेला ध्वनी आणि चित्रपटात तुटक उरलेली ओळ यांना येथे पूर्णत्व लाभते. चित्रकथेचा पाठ केवळ पानांवर शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती हा शेवटचा चरण लागणार नाही.