हेळव्याची वही आणि मॉर्मन

आमच्या चंदगड भागात हेळवी आला, की घरातली म्हातारी माणसं ओसरीवर येऊन बसतात. पणजोबा, खापरपणजोबा, कोण कुठल्या गावाहून आलं, सगळं तो घडाघडा सांगतो आणि धान्य घेऊन पुढच्या दारी जातो. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाविषयी वाचताना मला सारखा हा हेळवी आठवत होता. वंशावळीचं एवढं वेड असलेला दुसरा ख्रिस्ती पंथ माझ्या पाहण्यात नाही.

पंथ तसा अलीकडचा. जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलानं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात तो स्थापला. देवदूतानं दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण ‘बुक ऑफ मॉर्मन’ उतरवलं, असं तो सांगे. बायबलच्या जोडीला आणखी एक पवित्र ग्रंथ, हे इतर ख्रिस्ती लोकांना मानवणारं नव्हतं. १८४४ मध्ये जमावानं त्याला तुरुंगातच ठार केलं. पुढे ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग अनुयायी १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात जाऊन वसले. बहुपत्नीत्वापायी त्यांची बदनामी झाली. १८९० मध्ये चर्चनं ती चाल सोडल्याचं जाहीर केलं. दारू, तंबाखू, कॉफी वर्ज्य, आणि चहासुद्धा! आमच्याकडे असा पाहुणा आला तर यजमानीणबाईंची पंचाईतच.

ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक १८५२ मध्येच मुंबईत आणि मग पुण्यात येऊन गेला. हाती फारसं काही लागलं नाही.

खरी गंमत वंशावळीची. मॉर्मन माणूस मेलेल्या पूर्वजांच्या वतीनं स्वतः बाप्तिस्मा घेतो. तो स्वीकारायचा की नाकारायचा, ही त्या आत्म्याची मर्जी. पण त्यासाठी आधी नावं हवीत! म्हणून जगभरच्या नोंदी त्यांनी मायक्रोफिल्मवर घेतल्या. १९७७ पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा.

वह्या टिकल्या याचा मला आनंदच आहे. पण नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावं या विधीत आली, तेव्हा त्यांचे वारस दुखावले. ज्या धर्मापायी माणसं मारली गेली, तोच मेल्यावर बदलायचा? पितृपक्षात आपणही पूर्वजांना न विचारताच पान वाढतो, हे खरं. पण ते त्यांच्या ओळखीचं पान असतं. १९९५ मध्ये चर्चनं ज्यू संघटनांशी करार करून हे थांबवण्याचं मान्य केलं. तरी पुढेही अशी नावं सापडत राहिली. आता तिथं सभासदांना सांगतात, की नावं द्यायची ती आपापल्या पूर्वजांचीच.