परत बोलावलेली स्पोर्ट्स कार: ठेवावी की पैसे घ्यावेत?

कंपनीने गाडी परत बोलावली, की आधी दोष कुठला ते पाहा. 2014 मध्ये पोर्शेच्या दोन 911 जीटी3 पेटल्या. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल झाला होता. कंपनीने सगळ्या 785 गाड्यांची इंजिनंच बदलली. दोष असा मुळासकट जात असेल, तर गाडी खुशाल ठेवावी. दुरुस्तीनंतरही ब्रेक दगा देत असतील, तर मात्र पैसेच घ्या, आणि त्यात कर्जाचा हिशेबही मिटवून घ्या. जॉबकार्डं जपून ठेवा. रायपूरकरांनो, तडजोड फसली तर 50 लाखांपर्यंतच्या गाडीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. त्यापुढे 2 कोटींपर्यंत तुमच्याच शहरातला राज्य आयोग. तक्रारीची मुदत दोन वर्षं.