वैमानिकाची तालीम – लेखांक ७ : घड्याळ, नकाशा आणि भूमी

गेल्या लेखांकापर्यंत आपला विद्यार्थी विमानतळाभोवती घिरट्या घालीत होता. धावपट्टी दृष्टीआड होण्याचा प्रसंग त्याच्यावर ओढवला नव्हता. परंतु खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी जे किमान ४० तासांचे उड्डाण घालून दिले आहे, त्यापैकी निदान ५ तास त्याने एकट्याने दूरच्या प्रवासात काढावे, आणि त्यात एक फेरी १५० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २७० किलोमीटरांची, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून पुरी केलेली असावी, अशी अट आहे. यासच वैमानिक ‘क्रॉस-कंट्री’ म्हणतात.

उदाहरणादाखल बारामती ते सोलापूर ही वाट घेऊ. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली असता ती सुमारे ८५ सागरी मैल भरते, आणि तिची दिशा ११५ अंश, म्हणजे पूर्व व आग्नेय यांच्या दरम्यान येते. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्या मुलखात एका अंशाचीही तफावत नसल्यामुळे तेवढी कटकट वाचते. वाऱ्याची मात्र वाचत नाही. ९० नॉटांनी उडणाऱ्या लहान विमानावर ईशान्येचा १५ नॉटांचा वारा येत असेल आणि विद्यार्थ्याने विमानाचे नाक ११५ अंशांवरच रोखून धरले, तर तासाभराने सोलापूर त्याच्या डावीकडे चौदा सागरी मैलांवर राहील. म्हणून नाक नऊ अंश वाऱ्याकडे वळवून १०६ वर धरावे लागते. जमिनीच्या हिशेबाने वेग ८४ नॉट उरतो आणि प्रवास ६१ मिनिटांचा होतो. ही सारी आकडेमोड, इंधनाच्या राखीव साठ्यासह, निघण्यापूर्वीच कागदावर उतरलेली असली पाहिजे.

आता खरी मेख. प्रथम घड्याळ पाहावे, मग त्या मिनिटाला आपण कोठे असावयास हवे ते नकाशात पाहावे, आणि ती खूण शोधण्यासाठीच नजर खाली टाकावी, असा प्रशिक्षकांचा आग्रह असतो. नवशिका नेमके उलट करतो: खाली एखादा तलाव दिसला, की नकाशात तसा तलाव धुंडाळतो, आणि दुर्दैवाने तो त्याला सापडतोही. शिल्लक आधी ठरवून मग खतावणी जुळविणाऱ्या कारकुनाप्रमाणे तो पुढचे प्रत्येक गाव, प्रत्येक ओढा त्या कल्पित स्थानाशी जुळवीत जातो.

खुणांची पारखही करावी लागते. उजनीचा जलाशय या वाटेच्या डाव्या अंगास विस्तीर्ण पसरलेला, परंतु नकाशातला त्याचा काठ वैशाखात कोठल्या कोठे मागे हटलेला असतो. सीनेचे पात्र उन्हाळ्यात वाळूचा पट्टा होऊन बसते. साखर कारखान्याचे धुराडे तर या जिल्ह्यांत पुरावा म्हणून मुळीच ग्राह्य धरू नये, इतकी ती येथे उदंड आहेत! त्या मानाने नदीसंगम आणि लोहमार्ग हे भरवशाचे साक्षीदार. आपली रेघ नीरा नरसिंगपूरच्या संगमावरून जवळजवळ नेमकी जाते आणि वरील वेगाने तेथे चोविसाव्या मिनिटास पोचावयास हवे. छत्तिसाव्या मिनिटाच्या सुमारास कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्ग आडवा यावा.

समजा, चोविसाव्या मिनिटाला संगम दिसला, पण डाव्या हातास दोन मैलांवर. ६० मैलांत १ मैल सरकले म्हणजे १ अंशाची चूक, या जुन्या नियमाने ३४ मैलांतले हे दोन मैल साडेतीन अंश भरतात, आणि उरलेल्या ५१ मैलांत ते भरून काढावयास सुमारे अडीच अंश हवेत. तेव्हा सहा अंश डावीकडे वळले की सोलापूर समोर येते. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, ते रेडिओच्या साहाय्यावाचूनच. आज उपग्रहावरून स्थान दाखविणारे यंत्र डोळ्यांसमोर असते. तालमीच्या पहिल्या फेऱ्यांत ते झाकून ठेवण्याचा काही प्रशिक्षकांचा रिवाज मला सर्वथा योग्य वाटतो.

आणि खूण दिसलीच नाही तर? विद्यार्थी बहुधा तिच्या शोधात इकडेतिकडे वळू लागतो, आणि तेथेच कागदावरचा सारा हिशेब निरुपयोगी होतो. कारण किती मिनिटे कोणत्या दिशेस गेलो याची नोंद मग कोठेच राहत नाही. दिशा तीच धरावी, वेळ लिहावी, आणि पुढच्या खुणेच्या मिनिटाची वाट पाहावी.