सिंहाचा वाटा

व्यवहारात ‘सिंहाचा वाटा’ म्हणजे सर्वांत मोठा हिस्सा. भागीदारीतील नफा असो वा वडिलोपार्जित इस्टेट, जो अधिक घेऊन जातो त्याच्यासाठी हा शब्दप्रयोग राखून ठेवलेला असतो. परंतु ज्या भूमीवर सिंह आजही प्रत्यक्ष नांदतात, तेथील जमाखर्च तपासला, तर सिंहाच्या वाट्याला फार थोडे येते असे दिसते.

ही भूमी म्हणजे पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीचा विस्तीर्ण गवताळ प्रदेश. त्याचा मोठा भाग टांझानियात असून उत्तरेचा भाग केनियातील मसाई मारा या नावाने ओळखला जातो. सुमारे २५ हजार चौरस किलोमीटरच्या या टापूत १३ लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, सुमारे दोन लाख झेब्रे आणि लाखो लहान हरिणे राहतात. विल्डबीस्ट हा आपल्या काळविटाच्या जातकुळीतला तृणभक्षक. तोंड बैलासारखे, शेपटी घोड्यासारखी आणि हनुवटीखाली दाढी. या अफाट कळपांवर जगणारे सिंह मात्र तीन हजारांच्या घरात आहेत आणि तरस काही हजार.

या व्यवहारातील मुद्दल म्हणजे गवत. दक्षिणेकडील मैदानांवर ज्वालामुखींची राख साचलेली असल्याने तेथील आखूड गवत कॅल्शियम, फॉस्फरस यांसारख्या क्षारांनी समृद्ध असते. डिसेंबरच्या सुमारास पाऊस पडू लागला की कळप तेथे येतात. मे महिन्यात मैदाने सुकू लागतात, तेव्हा ते पश्चिमेकडून उत्तरेकडे सरकत मारा नदी ओलांडतात आणि पुढील पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेस परततात. या वाटचालीत प्रत्येकाचा घास वेगळा असतो. झेब्रा उंच, राठ काड्या खातो. त्यामुळे उघडी पडलेली कोवळी पाती विल्डबीस्टला मिळतात. त्याच्यामागून येणारे थॉमसन हरीण जमिनीलगतचे नवे फुटवे टिपते. एकाच दुकानात तीन गिऱ्हाइके यावीत आणि तिघांनाही वेगवेगळा माल लागावा, तसा हा प्रकार.

सिंह, तरस, चित्ते नसते, तर हे कळप अमर्याद वाढले असते, अशी पुष्कळांची समजूत असते. अभ्यासकांना वेगळेच आढळले. उपासमारीत शरीर आपल्या हाडांच्या मज्जेतील चरबी सर्वांत शेवटी खर्च करते. त्यामुळे मृत जनावराची मज्जा तपासली की ते धडधाकट होते की आधीच खंगलेले होते, हे कळते. अशा तपासणीत विल्डबीस्टच्या सुमारे तीन चतुर्थांश मृत्यूंमागे अपुरे अन्न असल्याचे दिसून आले. कोरड्या ऋतूत गवत किती उरते, यावरच त्यांची संख्या ठरते. १९९३च्या दुष्काळात लाखो विल्डबीस्ट दगावले, ते प्रामुख्याने भुकेने.

शिकारी त्यांच्यावर मात करू शकत नाहीत, याचे कारण त्यांच्या चालण्यात आहे. सिंहांचे कुटुंब आपल्या हद्दीला बांधलेले असते. लहान छाव्यांना घेऊन शेकडो किलोमीटरची पायपीट सिंहिणीला शक्य नसते. कळप दूर गेले की मागे राहिलेल्या सिंहांना तुटपुंज्या भक्ष्यावर दिवस काढावे लागतात आणि त्या दिवसांत अनेक छावे भुकेने मरतात. कळप जवळ असतानाही सिंहाचे बहुतेक हल्ले फसतात. शिवाय फेब्रुवारीच्या सुमारास अवघ्या दोन-तीन आठवड्यांत लाखो पाडसे जन्मतात व काही मिनिटांतच उभी राहून आईमागे चालू लागतात. शिकाऱ्यांची पोटे भरली, तरी बहुसंख्य पाडसे त्या दिवसांतून वाचतात. जागा न सोडणाऱ्या लहान हरिणांवर मात्र शिकाऱ्यांचा भार फार पडतो.

या भूमीवर खरा संहार आला तो माणसाच्या मागून. १८८७च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आजच्या एरिट्रियात गुरे उतरविण्यात आली; ती भारतातून नेलेली होती, असे मानले जाते. त्यांच्याबरोबर बुळकांडी हा गुरांचा साथीचा रोग तेथे शिरला आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पसरला. मसाई गुराख्यांची बहुतेक गुरे मेली. त्यांच्यामागून माणसेही उपासमारीने गेली. रानातील विल्डबीस्ट व रानम्हशी यांनाही रोगाने सोडले नाही. पुढे कित्येक दशके पाडसे त्याला बळी पडत राहिली.

मग सेरेंगेटीभोवतीच्या पाळीव गुरांना लस टोचण्यात आली. विल्डबीस्टला कोणी सुई लावली नव्हती. तरीही १९६३ नंतर त्यांच्यातून रोग नाहीसा झाला, कारण तो त्यांच्याकडे गुरांकडूनच येत होता. १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांच्या पुढे गेले. त्यांनी गवत खाल्ल्याने वाळलेला चारा कमी उरला, वणवे कमी झाले आणि जळून जाणारी रोपे झाडे होऊ लागली. जिराफांना पाला मिळाला. सिंह आणि तरसही वाढले. वॉल्टर प्लोराइट यांनी केनियातील मुगुगा येथे तयार केलेल्या लशीचा या रोगाच्या निर्मूलनात मोठा वाटा होता. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसरा रोग.

दक्षिणेकडील बोट्स्वानाने गुरांच्या रक्षणासाठी वेगळा मार्ग धरला. लाळ्या-खुरकुताचा संसर्ग रानातील जनावरांपासून गुरांना होऊ नये आणि युरोपला होणारी मांसाची निर्यात अबाधित राहावी, म्हणून कलहारीत शेकडो किलोमीटर लांबीची तारेची कुंपणे उभारण्यात आली. १९८०च्या दशकातील दुष्काळात विल्डबीस्टचे कळप पाण्याच्या शोधात निघाले आणि तारेपाशी अडले. हजारोंच्या संख्येने ते तहानेने व भुकेने मेले. तेथील कळप पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत.

दोन्ही ठिकाणी हेतू गुरे वाचविण्याचाच होता. सेरेंगेटीत रोग अडविला गेला आणि वाट मोकळी राहिली. कलहारीत वाटच अडविली गेली. सेरेंगेटीच्या उत्तर भागातून महामार्ग नेण्याचा बेत टांझानिया सरकारने २०१० मध्ये पुढे आणला, तेव्हा अनेकांच्या मनात हीच भीती होती. २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयाने तेथे डांबरी रस्ता करण्यास मनाई केली.

सिंह दर वर्षीच्या वाढीतून, म्हणजे व्याजातून, आपला घास उचलतो. त्याने कितीही शिकार केली, तरी गवत आणि वाट हे मुद्दल शाबूत राहते. त्या मुद्दलाला हात घालणे फक्त माणसाला शक्य आहे, आणि ते सांभाळणेही.