गोळी चुकली, तर दाद कुठे मागायची?

आमच्या बेळगावच्या काकूंना संधिवात आहे. गेल्या वर्षी मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मेथोट्रेक्सेट ही गोळी दिली आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं, ‘आठवड्यातून एकदा, रविवारी’. औषधाच्या दुकानातल्या मुलाने मात्र पाकिटावर पेनाने ‘1-0-0’ असं लिहून दिलं. म्हणजे रोज सकाळी एक. काकूंनी चिठ्ठी फाईलमध्ये ठेवली आणि पाकीट बघून गोळ्या घेतल्या. नवव्या दिवशी तोंडभर फोड आले, घास गिळवेना. पुतण्याने चिठ्ठी आणि पाकीट शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा घोळ लक्षात आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी झाल्या होत्या. सहा दिवस दवाखान्यात काढले. वेळेत उपचार मिळाले म्हणून निभावलं.

घरी आल्यावर काका म्हणाले, “झालं ते झालं. परराज्यात जाऊन कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?”

आपल्या बहुतेक घरांत असंच म्हटलं जातं. बेळगावची माणसं मिरज-कोल्हापूरला जातात, इंदूर-वडोदऱ्याची मुंबईला. चूक एका राज्यात होते, घर दुसऱ्या राज्यात असतं, आणि विषय तिथेच संपतो. पण कायदा आता तसा नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे काकूंची तक्रार बेळगावातच होऊ शकते. मुदत मात्र घटनेपासून 2 वर्षांची. मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि प्राथमिक माहितीसाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

डॉक्टर आणि खासगी दवाखानेही या कायद्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात ते ठरवलं. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ते दवाखाने मात्र यात येत नाहीत.

चूक कोणाची, यावर दार ठरतं. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर राज्याची वैद्यकीय परिषद. तिथे पैसे मिळत नाहीत. दुकानदाराने चुकीचं औषध दिलं, किंवा नोंदणीकृत फार्मासिस्ट नसताना चिठ्ठीवरची औषधं विकली, तर औषध निरीक्षक आणि राज्याची फार्मसी परिषद. पोलिसांत जाता येतं, पण 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरांवर फौजदारी खटल्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. औषधाचा त्रास झाला म्हणजे चूक झालीच, असं नव्हे. बरोबर औषध बरोबर प्रमाणात घेऊनही कुणाला त्रास होतो. चूक काय झाली आणि त्या चुकीमुळेच नुकसान झालं, हे दोन्ही दाखवावं लागतं. कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणात हे घडलं. 1998 मध्ये त्यांना एक स्टेरॉइडचं इंजेक्शन दिवसातून दोनदा दिलं गेलं. ते मुळात एक-दोन आठवड्यांच्या अंतराने द्यायचं औषध. त्या दगावल्या. त्यांच्या पतींनी 15 वर्षं झुंज दिली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 5 कोटी 96 लाख रुपये आणि वर व्याज मंजूर केलं.

म्हणून कागद जपा. चिठ्ठी, पक्कं बिल, गोळ्यांची स्ट्रिप, दुकानदाराने लिहून दिलेलं पाकीट, रक्ताचे रिपोर्ट, यातलं काहीही फेकू नका. उरलेल्या गोळ्या परत करू नका. दवाखान्यातल्या नोंदी लेखी मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्या 72 तासांत द्याव्या लागतात. सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

आणि मुलांनो, हे काम तुमचं आहे. आजी-आजोबांची औषधं आणलीत की पाकिटावरचं लिखाण चिठ्ठीशी ताडून बघा. गोळी रोजची की आठवड्याची, हे दुकानातच मोठ्याने विचारा. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना फोन करा, लाजू नका.

काकूंनी ते पाकीट फेकलं नव्हतं. काका नको म्हणत होते, पण काकूच म्हणाल्या, “माझं निभावलं. उद्या त्या दुकानात दुसरी कुणी जाईल, तिचं काय?” तक्रार आता बेळगावच्या जिल्हा आयोगात आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. रविवारची गोळी मात्र आता पुतण्या स्वतः काढून देतो.