मौन म्हणजे नकार

पहाटे ५.३०

सिंगापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे माझ्या पोळ्या बारा महिने अंधारातच होतात. डबे दोन, मुलीचा आणि माझा. बुकित पंजांग म्हणजे मलायमध्ये ‘लांब टेकडी’. आमच्या बाराव्या मजल्यावरून टेकडीपेक्षा समोरच्या इमारतीतले, बांबूंवर वाळत घातलेले कपडेच जास्त दिसतात.

सकाळी ६.४५

सेंजा स्टेशनवर एलआरटी पकडते. ६ नोव्हेंबर १९९९ ला सुरू झालेल्या या गाडीला चालक नाही. रूळ घरांना इतके खेटून जातात की ठरलेल्या ठिकाणी डब्याच्या काचा आपोआप धुरकट होतात, कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावायची सोय नाही. गाडीला काही दिसत नाही, आपण कुठे आहोत एवढंच तिला कळतं. मशीनला रोबोट जोडायचं माझं कामही जवळपास असंच आहे.

सकाळी ८.१५

वुडलँड्समधलं मोल्डिंग शॉप. गरम प्लास्टिकचा वास भोसरीच्या कारखान्यात होता तोच. जोहोर बाहरूहून रोज पहाटे कॉजवे ओलांडून येणारा आमचा टेक्निशियन कोपीचा कप माझ्या हातात देतो. आज बाटल्यांची झाकणं काढणाऱ्या मशीनवर नवा तीन अक्षांचा रोबोट बसलाय. मोल्ड उघडला की त्याने वरून खाली उतरायचं, सक्शन कपांनी चार झाकणं उचलायची आणि बाहेर येऊन पट्ट्यावर ठेवायची.

मशीन एका कंपनीचं, रोबोट दुसऱ्या कंपनीचा. दोघांनी बोलायचं ते पन्नास पिनांच्या एका प्लगमधून. कुठल्या पिनेचा अर्थ काय, हे युरोपातल्या प्लास्टिकयंत्र उत्पादकांच्या संघटनेने ‘युरोमॅप ६७’ या नावाने ठरवून दिलंय. मशीन सांगतं, मोल्ड पूर्ण उघडला, झाकणं बाहेर ढकलणारा इजेक्टर पुढे आला. रोबोट सांगतो, इजेक्टर हलव, आता मोल्ड बंद कर. चोवीस व्होल्ट आले तर हो, नाही आले तर नाही. तार तुटली, वीज गेली, प्लग सैल झाला, तरी उत्तर ‘नाही’च. आपल्याकडे मौन म्हणजे संमती. या प्लगमध्ये मौन म्हणजे नकार, आणि त्या नकारावरच सगळी सुरक्षितता उभी आहे.

सकाळी १०.३०

पलीकडच्या जुन्या मशीनचा सेटर बोलवायला येतो. साठीचा चिनी गृहस्थ, सगळे त्याला अंकल म्हणतात. गेल्या आठवड्यात रोबोट आत असताना मोल्ड मिटायला लागला आणि ग्रिपर वाकला. रोबोटचा प्रोग्रॅम तीनदा तपासून झाला, चूक सापडत नाही.

मी मशीन बंद करते, कुलूप लावते, किल्ली खिशात टाकते आणि प्लग उघडते. ए-३ आणि सी-३ या पिनांमध्ये बोटभर लाल तार.

मोल्ड मिटायला दोन परवानग्या लागतात. ए-६ वरची परवानगी प्रोग्रॅम देतो. ए-३ आणि सी-३ मधली परवानगी असते जागेची. रोबोटचा हात खरोखर बाहेर आला की त्याच्यावरचा कॅम लिमिट स्विच दाबतो, तेव्हाच ती मिळते. प्रोग्रॅम चुकू शकतो, म्हणून ही दुसरी साक्ष त्याच्यावर विसंबत नाही. कुठल्या तरी रात्रपाळीत स्विच बिघडला असणार, ऑर्डर घाईची असणार, कुणीतरी तार जोडून मशीन चालू केलं आणि ती तार तशीच राहिली. तेव्हापासून हात कुठेही असो, मशीनला ‘जागा मोकळी’ हेच ऐकू येत होतं. मग कुणी मॅन्युअलमध्ये भलती पायरी चालवली आणि प्रोग्रॅमची परवानगीही मिळाली.

तार कापून मी अंकलच्या तळहातावर ठेवते. तो ती बराच वेळ बघत राहतो, मग पाकिटात घालतो.

दुपारी १२.४५

पोळी आणि मेथीची भाजी. टेक्निशियनच्या पुढ्यात नासी लेमाक. तो विचारतो, हे काम आधी माणसंच करत होती ना? करत होती. जगातला पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला, तोही डायकास्टिंग मशीनमधून तापलेले भाग काढायला. हात भाजायचं काम होतं, म्हणून सगळ्यात आधी तेच गेलं.

दुपारी २.३०

पुन्हा झाकणांच्या मशीनवर. आता सेकंदांची कंजुषी. सायकल अठरा सेकंदांची, म्हणजे तासाला २०० शॉट. रोबोट झाकणं पट्ट्यावर ठेवून झाल्यावर मोल्ड मिटवायची परवानगी देत होता. हात मोल्डबाहेर पडून कॅमने स्विच दाबला की लगेच परवानगी द्यायची, एवढाच बदल मी करते. सायकल सतरावर येते, तासाला २११ शॉट, चाळीसेक झाकणं जास्त. मॅनेजर खूश. तारा कापल्यावरही असंच कुणीतरी खूश होत जावं.

दुपारी ४.३०

चाचणीच्या वेळी मी चांगलं काम बघत नाही, वाईट घडवून बघते. सक्शनची नळी काढते: झाकण मोल्डमध्ये राहिलं असं समजून रोबोट थांबला पाहिजे. इमर्जन्सी स्टॉपच्या दोन वाटांपैकी एक तोडते: तरीही दोघांनी थांबलं पाहिजे. शेवटी हात मोल्डमध्ये ठेवून प्रोग्रॅमला खोटं बोलायला लावते. मोल्ड जागचा हलत नाही.

अंकल मागे उभा. या देशाचं अर्धं बोलणं दोन शब्दांत होतं, ‘कॅन’ आणि ‘कॅनॉट’. तो विचारतो, “कॅन?”

“कॅनॉट,” मी मोल्डकडे बोट दाखवते. तो पहिल्यांदाच हसतो.

संध्याकाळी ७.१५

परतीची एलआरटी. काचा धुरकट होतात, पुन्हा निवळतात. बुकित पंजांग रिंग रोडवरच्या हॉकर सेंटरमधून मुलीसाठी नूडल्स घेते.

रात्री ९.३०

भारतात सात. आई चिंचवडला एकटी असते. बोलायचं असेल तर ती रविवारी बोलते. एरवी सातला देवापुढे दिवा लावला की एक मिस्ड कॉल देते. मी उचलायचा नाही, असं ठरलंय. तो आला की मी भांडी घासायला घेते.

नऊ एकतीस. नऊ बत्तीस. मी फोन उचलते आणि नंबर लावते. तिसऱ्या रिंगला तिचा आवाज, “अगं, वाती संपल्या होत्या, वळत बसले.”